शिनेमात हाय, पर दिसत न्हाई

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगतो, मला त्यात संकोच वाटत नाही. गाव लोहा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, आणि मी नांदेडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा एक मित्र मिळून सिनेमावर पॉडकास्ट करतो. मित्र विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला. माइक, वायरी, कॉम्प्युटर त्याच्याकडे आणि बोलणं माझ्याकडे. त्याच्या घराच्या माडीवरची खोली हाच आमचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना माझ्या आईनं शिवलेल्या वाकळा टांगल्या आहेत. त्या मागायला गावी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, पॉडकास्ट म्हणजे काय. रेडिओसारखं असतं, मी म्हणालो.

"मंग कोन्त्या टेशनाला लागतं?"

मी मोबाइलवर लावून दाखवलं. त्यांनी माझा आवाज थोडा वेळ ऐकला, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पर तू तर हितंच हायेस की." आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

हे आधी सांगायचं कारण असं की, ज्या पाहुण्यांची ही गोष्ट आहे त्यांचा फोन आला तेव्हा ते काय म्हणत होते ते मला पहिल्या वाक्यात कळलं.

पाहुणे मिळवणं ही आमची कायमची पंचाईत. पुण्या-मुंबईची माणसं नांदेडचं नाव ऐकून "कळवतो" म्हणतात, आणि कळवत नाहीत. म्हणून या साउंड डिझायनरना मेसेज टाकला तेव्हा मी उत्तराची आशा धरली नव्हती. साउंड डिझायनर म्हणजे गाणी आणि संगीत सोडून सिनेमात जे जे ऐकू येतं, पावलं, दार, वारा, भांडी, ते गोळा करून, घडवून जागच्या जागी बसवणारा माणूस. यांचे सिनेमे मी वेड्यासारखे पाहिलेले. वर्गातल्या पोरांना बळंच बसवून दाखवलेले. मूळचे लातूर जिल्ह्यातले, किल्लारीच्या बाजूचे, एवढं मला माहीत होतं आणि त्याचा अभिमान मी उगाच स्वतःकडे घेऊन मिरवत होतो.

त्यांनी मेसेजला उत्तर दिलंच नाही, थेट फोन केला. म्हणाले, येतो, पण रेकॉर्डिंग माझ्या गावी, माझ्या घरी, माझ्या आईसमोर करायचं. मी म्हणालो, चालेल की सर, पण असं का?

"माझ्या आईला मी काय काम करतो ते कळलं पाहिजे, सर. बाकी कुणाला कळलं न कळलं, मला चालतंय."

मग त्यांनी सांगितलं. गावात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर आई सांगते, "शिनेमात हाय, पर दिसत न्हाई." त्यावर लोक हसतात. दिसत नाही तर करतो काय, म्हणतात. कुणी म्हणतं चहा देत असेल, कुणी म्हणतं गर्दीत मागं उभा राहत असेल. आई गप्प बसते, कारण तिच्याकडं उत्तर नसतं. त्यांनी एकदा तिला लातूरला टॉकीजमध्ये नेऊन स्वतःचा सिनेमा दाखवला. ती पूर्ण वेळ लेक कधी येतो याची वाट बघत बसली. शेवटी नावं वर सरकू लागली. हे माझं नाव, असं त्यांनी बोट दाखवलं, पण तेवढ्यात पुढची माणसं उठली आणि त्यांच्या पाठी आड आल्या. तसंही तिला वाचता येत नाही.

"चित्र समोर आलं की ती चित्रच बघते," ते म्हणाले. "तुमच्यात चित्र न्हाई. म्हणून तुमच्याकडं येऊन राहिलो."

आणि घाई का, तेही सांगितलं. आईचे कान उतरत चालले होते. डॉक्टर यंत्र देणार होते, पण पुढं कितपत ऐकू येईल याची खात्री देत नव्हते. उभं आयुष्य आवाजात काढलं आणि तो आवाज आईपर्यंत पोचायच्या आत तिचे कान मिटले तर, एवढं बोलून ते थांबले.

आम्ही पौषात गेलो. नांदेडहून एसटीनं लातूर, पुढं जीप. माइक आम्ही एका वाकळेत गुंडाळून पिशवीत घातले होते आणि इंजिनिअर ती पिशवी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसला होता. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, सरळ रेषेत आखलेलं, सगळी घरं एकसारखी. जीपवाल्यानं आम्हाला भलत्याच दारात उतरवलं आणि तिथल्या बाईनं न विचारता बोट केलं, "न दिसणाऱ्याचं घर पलीकडं."

आमचे पाहुणे अंगणात उभे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, अंगात साधी बंडी. एवढ्या मोठ्या सिनेमांचा माणूस समोर आल्यावर मी नमस्कार करून सर म्हणालो. त्यांनीही मला सरच म्हटलं. मग दिवसभर आम्ही दोघं एकमेकांना सर-सर करत राहिलो. आई बाजेवर बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडं बघून तिनं लेकाला मोठ्यानं विचारलं, "मास्तर दिसतो ह्यो. तुला अजून शाळा शिकायची हाय का?"

बसलो. इंजिनिअरनं माइक लावले, हेडफोन घातले आणि लगेच तोंड वाकडं केलं. माइकमध्ये शेंगांचा आवाज येत होता. त्यानं हळूच विचारलं, मावशींना जरा वेळ थांबायला सांगता का. पाहुणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिचा आवाज हाय तो."

मी या मुलाखतीची तयारी फार केली होती आणि ती दाखवायची मला हौसही होती. पहिला प्रश्न ध्वनीच्या सौंदर्यशास्त्रावर होता. दुसऱ्यात अवकाश होता, तिसऱ्यात मौनाची भाषा. त्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं, चांगलं दिलं, पण बोलताना त्यांचं लक्ष बाजेकडं होतं. आईनं शेंगांतून मान वर केली नव्हती. ते मला म्हणाले, सर, रागावू नका, हाच प्रश्न तिला कळेल असा विचारता येईल का? मी रागावलो नाही. माझे विद्यार्थी मला हेच सांगतात, फक्त इतक्या नम्रपणे नाही.

म्हणून मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, तुम्ही पहिला सिनेमा कुठं बघितला?

मग ते खुलले. जुन्या गावात जत्रेला तंबूची टॉकीज यायची. तंबूच्या मधोमध कापडी पडदा. पुढच्या अंगाला गडीमाणसं बसायची आणि पडद्याच्या मागच्या अंगाला बायका नि लहान लेकरं. कापडातून चित्र मागंही उमटायचं, फक्त उलटं, आरशातल्यासारखं. पाट्या उलट्या दिसायच्या, पण वाचता येतंय कुणाला, त्यामुळं तक्रार नव्हती. ते आईच्या मांडीवर मागच्या बाजूला. आणि आवाजाची मोठी पेटी ठेवलेली असायची तीही त्याच बाजूला, पडद्याच्या पायाशी.

"पुढं बसलेल्यांना चित्र बराबर दिसायचं," ते म्हणाले. "आमच्या कानाशी मात्र घोडा पळायचा. मी पेटीला हात लावून बसायचो, म्हंजी टापा हातात यायच्या. कित्येकदा डोळे मिटून घ्यायचो. थोडा मोठा झाल्यावर मला गड्यांच्या बाजूला बसवलं. तिथनं आगगाडी भलत्याच बाजूनं आली आणि आवाज लांबनं. मला वाटलं, सिनेमा बिघडला. पळत मागं गेलो, तर बायकांनी हाकललं."

मी विचारलं, मग उलट्या चित्राची सवय झाल्यावर सुलटं विचित्र वाटलं नाही का? ते हसायला लागले आणि आईकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "माय, मी पुण्याला शिकायला निघालो तवा तू काय सांगितलं हुतंस?"

आई म्हणाली, "काय खोटं सांगितलं का? तिकडले लोक डाव्या हातानं जेवत्यात. तू तसं करू नको म्हन्लं."

एवढी वर्षं ती पडद्यामागून सिनेमे बघत आलेली. सगळे नायक डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं मारायचे, सगळ्या नायिकांचा पदर उजव्या खांद्यावर. शहरगावची रीत अशीच असणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. लेकानं नंतर कारण समजावलं होतं, तिला ते पटलंही होतं, पण निम्मंच. "समदे डावे हुते," ती माझ्याकडं बघून ठामपणे म्हणाली. "म्या डोळ्यानं बघितलंय." इंजिनिअर खांदे हलवत हसत होता आणि हसणं माइकमध्ये जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरून बसला होता.

तिथून पुढं गप्पा रंगल्या. मी त्यांच्या एका सिनेमातला माझा आवडता प्रसंग काढला. बाप पहाटे शेताकडं निघतो, मागं वळून घराकडं बघतो आणि काही न बोलता चालू लागतो. मी म्हणालो, तिथलं पार्श्वसंगीत मला फार आवडतं, खर्जातलं, पोटात शिरणारं. ते म्हणाले, तिथं संगीत नाही. मी पैज लावायला तयार होतो. मी तो प्रसंग वर्गात शिकवलाय, म्हणालो. तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एक हेडफोन मला दिला, एक इंजिनिअरला. घुमारा होता, दुरून येणारा, न थांबणारा. ते म्हणाले, "साखर कारखाना. आपल्या भागात गाळप सुरू झालं की पहाटे असा घुमत ऱ्हातो. तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, म्हणून पोटात शिरतो."

आमच्या गावाच्या मागंही कारखाना आहे. त्या प्रसंगात मला माझे वडील का दिसतात, हे मी वर्गात निरनिराळ्या शब्दांत समजावत आलो होतो. हा माणूस एका शब्दाशिवाय ते करून मोकळा झाला होता. असं काम करणारा माणूस आपल्या मातीतला आहे आणि आपल्यासमोर मांडी घालून बसलाय, याचं मला त्या क्षणी जे वाटलं ते मी रेकॉर्डिंगमध्ये नीट बोलू शकलो नाही. "लई भारी, सर," एवढंच त्यात आहे.

पण आई उठून आत चालली होती. तिच्या सुपातल्या शेंगा संपल्या होत्या. आमचं बोलणं तिच्यापर्यंत निम्मं पोचत होतं नि पोचलेलं निम्मं तिच्या उपयोगाचं नव्हतं. पाहुण्यांचा चेहरा उतरला. लातूरच्या टॉकीजमध्ये जे झालं तेच पुन्हा होत होतं. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, आईंना कारखान्याचा आवाज ऐकवायचा का?

त्यांनी तिला हात धरून परत बाजेवर बसवलं. डोक्यावरचा पदर थोडा सारून मोठे हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि आवाज पुष्कळ वाढवला. आमच्यापर्यंतही त्याची कुजबुज येत होती. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन धरले, डोक्यावर पाण्याची घागर धरावी तसे.

"काय हाय, माय?"

"कारखाना. कामून ऐकवून राहिलास? रोजच ऐकती की."

त्यांनी दुसरा लावला. ती म्हणाली, म्हस पाण्यात शिरली. तिसरा लावला. ती म्हणाली, दाराची कडी, पर आपल्या दाराची न्हाई. तिला ऐकू येत होतं. सगळं येत होतं. पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चौथा आवाज लावला.

यावेळी तिनं हेडफोन कानाशी आणखी दाबले. मान एका बाजूला कलली. भाकरी थापण्याचा आवाज होता, आमच्याकडं येणाऱ्या कुजबुजीतही ओळखू येत होता. थप थप थप, मग थोडं थांबणं, मग पुन्हा.

"कोण भाकरी करून राहिलंय?"

पाहुण्यांनी आवाज आणखी थोडा वाढवला.

"ही माझी काठवट हाय," ती म्हणाली. "हिच्या लाकडाचा एक पाय झिजलाय. थापली की टुक करती. ऐक, टुक केलं बघ. जुन्या गावातली हाय ही. दुसऱ्या कुणाची न्हाई."

तेव्हा त्यांनी तिच्या कानावरचा एक हेडफोन बाजूला केला आणि सांगितलं. मागं एका दिवाळीला ते चुलीपाशी माइक घेऊन बसले होते, आठवतंय का. तिला आठवत होतं. लेकराला शहरात घरची आठवण येत असंल म्हणून भरून नेऊन राहिलाय, असं तिला वाटलं होतं. आणि लातूरला बघितलेल्या सिनेमात एक बाई भाकरी करत होती, ते आठवतंय का. तेही आठवत होतं. ती तर टॉकीजमध्येच मोठ्यानं म्हणाली होती, ह्या बाईनं जल्मात भाकर केली न्हाई.

"तिला येतच न्हाई, माय. तिनं नुसते हात हलवले. थापल्याचा आवाज तुझा हाय. तुझ्या काठवटीचा. ती बया दिसती, पर ऐकू येती ती तू. हेच माझं काम. जे दिसतं त्याच्याखाली खरं काहीतरी ठेवायचं."

आई आपल्या हातांकडं बघत राहिली. उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाली, "म्हंजी त्या बाईच्या हाताखाली माझे हात हायेत."

"व्हय."

"आन् दिसत न्हाईत."

"न्हाई."

पाहुणे खाली बसले होते, बाजेचा पाय धरून. इंजिनिअरनं रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. माझ्या मनात वडिलांचं "तू तर हितंच हायेस की" येऊन गेलं, आणि मी ठरवलं की हा भाग त्यांना ऐकवायचा, पुढ्यात बसून, पूर्ण.

आईनं हेडफोन पुन्हा नीट कानावर घेतले. बोटानं खूण केली, परत लाव. परत लावला. तिनं डोळे मिटून घेतले, लेकानं तंबूत मिटले असतील तसे. पुरा ऐकला आणि हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

"ह्ये घेतल्यालं बराबर न्हाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पीठ विरी गेल्यालं हुतं त्या दिवशी. जुनं पीठ. भाकर थापताना चिरत हुती, म्हून म्या भीत-भीत थापली. ऐकू येतंय त्यात. तुला कसं ऐकू आलं न्हाई?"

मी पाहुण्यांकडं बघत होतो. ज्या माणसाच्या कानाची तारीफ करायला मी नांदेडहून आलो होतो, तो माणूस आईपुढं पोरासारखा हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम.

"मंग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"परत घे. कालच दळून आणलंय."

ती उठलीसुद्धा. कमरेला पदर खोचून मागच्या दारी चुलीपाशी गेली. आम्ही सगळं सामान उचलून तिच्यामागं. तिनं काठवट पुसून मांडली, झिजलेला पाय कुठल्या बाजूला येतो ते बघून फिरवली. पाहुण्यांनी माइक काठवटीच्या जवळ धरला. ती म्हणाली, इतक्या जवळ नको, पीठ उडंल त्यात, आणि त्याचा हात स्वतःच्या हातानं मागं सारून जागेवर आणला. इंजिनिअर माझ्या कानात म्हणाला, जागा बरोबर आहे.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण आली. हीच ती, आल्या आल्या आम्हाला न दिसणाऱ्याचं घर दाखवणारी. तिनं विचारलं, "काय चाललंय गं? कोण पाव्हणे हायेत?"

आईनं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. पिठात पाणी घालत म्हणाली, "गप ऱ्हा जरा. आवाज घेऊन राहिलोत आमी."

शेजारीण कुंपणाशी तशीच उभी राहिली. ताजं पीठ मळल्याचा आवाज आला, मग थाप पडू लागली, भरदार, न भिता, आणि मधूनमधून काठवटीचं टुक. आईनं भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि लेकाकडं बघून विचारलं, "आलं का?"

त्यांनी डोळे मिटूनच मोकळा हात वर केला. थांब. तव्यावर भाकरी फुगत होती, ते ऐकत होते. आई थांबली. उलथनं हातात, श्वास रोखून, डोळे लेकाच्या हातावर. तो हात खाली येईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि भाकरी एका बाजूनं जरा करपली.

तीच आम्ही आधी खाल्ली.